डाव्या पोटरीचा सूड

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी.
अवनीने डायरी दिली. नात माझी, इंजिनियरिंगला आहे. डायरी सरत्या वर्षाची, एकच महिना उरलेला. आजीला एवढीच पुरेल असा हिशोब असावा. म्हणाली, आजी, रोज लिही, राग कमी होतो. मला राग कमी करायचा नाही. नीट लिहून ठेवायचा आहे, म्हणजे विसरायला नको.

मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीत मला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तर राग कोणावर. विहीणबाईंवर. मुक्ताई. आमच्या सूनबाईची, पूर्णिमाची आई. मूळच्या अमरावतीच्या, हल्ली वाघोलीला धाकट्या लेकाकडे. त्यांच्या भाच्याचं लग्न अमरावतीला. आम्हाला वारज्याहून उचलून तिकडे नेलं. येताना रात्रभर बस. ह्या पुढे खिडकीपाशी ऐसपैस, मी मागे चाकावर, गुडघे पुढच्या सीटला टेकलेले. पाणीसुद्धा प्यायले नाही, म्हणजे मध्ये उतरायला नको. बसले ती पुण्यातच उठले. सगळे म्हणाले, आईंचा काय स्टॅमिना!

तेव्हापासून डावी पोटरी धरली आहे. दोष पूर्णपणे विहीणबाईंचा.

पूर्णिमाने दोघी आयांना मालिशचं कूपन दिलंय. दमलात ना लग्नात, म्हणाली. हायवेच्या अलीकडे नवं सेंटर झालंय तिथे, गुरुवारी, दोघींना एकाच वेळी. मला असल्या गोष्टींची हौस नाही. पण विहीणबाई जाणार आणि मी नाही, हे चालणार नाही.

४ डिसेंबर, गुरुवार. दुपारी.
अपमान.

सेंटर चकाचक. आत वाळ्याचा वास. विहीणबाईंना एका खोलीत नेलं, मला दुसऱ्या. माझ्या वाट्याला पायल नावाची मुलगी. अवनीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. मालिश राहिली बाजूला, प्रश्नच सुरू. आजी, ताप आहे का? शुगर? बीपी? रक्त पातळ होण्याच्या गोळ्या? एवढ्यात ऑपरेशन? लांबचा प्रवास? मी म्हटलं, बाई, तू स्थळ बघायला आलीयेस का? हसली. मग दोन्ही पाय शेजारी ठेवायला लावले. बोटाच्या मागच्या बाजूने डाव्या पोटरीला हात लावला आणि हसू गेलं. एकच पाय सुजलाय, गरम आहे, कधीपासून? म्हटलं, बसमधून उतरल्यापासून.

उठून उभीच राहिली. म्हणाली, आजी, मी तुम्हाला मालिश करणार नाही. म्हटलं, पाय सोड, पाठ कर. म्हणाली, आज कुठेच नाही. पायात रक्ताची गाठ असू शकते. चोळली आणि सुटली तर वर फुप्फुसात जाते. जीवावर बेतू शकतं. आजच्या आज डॉक्टरांना दाखवा.

मी म्हटलं, गाठ माझ्या पायात नाही, तुझ्या डोक्यात आहे.

तरी आवाज चढवला नाही कार्टीने. घरच्या कोणाचा तरी नंबर द्या, मी बोलते म्हणाली. दिला. आमचा जुना लँडलाइनचा. कधीच कापलाय तो. बस म्हणावं बोलत.

बाहेर येऊन बसले. मागून विहीणबाई आल्या. तोंडावर तेज, केस सैल, जणू माहेरपणाला आल्यात. झालं का बाप्पा तुमचं, एवढ्यात? म्हटलं, माझं अंग मुळातच मोकळं आहे, फार वेळ लागत नाही.

घरी पूर्णिमाने विचारलं, आई, कसं वाटलं? म्हटलं, छान.

ठराव: (१) त्या पायलचं दुकान बंद पाडणे. (२) विहीणबाईंच्या डोळ्यांदेखत मालिश करून घेणे. (३) डॉक्टर नाही म्हणजे नाही. डॉक्टरकडे गेले की घरात कळणार, घरात कळलं की वाघोलीला कळणार.

५ डिसेंबर, शुक्रवार.
पोटरी कालसारखीच. थोडी जास्त. वांगं खाल्लं होतं. वातूळ असतं.

६ डिसेंबर, शनिवार.
ठराव क्रमांक एक मार्गी लागला. अवनीला म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीचा फार अपमान झालाय त्या सेंटरमध्ये, नेटवर टाक. मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. प्रवासाहून आलेल्या एका वयस्क बाईंना पन्नास प्रश्न विचारले, पाय तपासला, मालिश केलीच नाही. डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं, वर घरच्यांचा नंबर मागितला. वाचून दाखवलं आणि म्हणाली, आजी, ह्यात वाईट काय आहे? म्हटलं, तुला अजून जग कळायचंय. एक स्टार दे. शून्य मिळत नाही म्हणे, नाहीतर शून्यच दिला असता.

संध्याकाळपर्यंत ती पायल रडकुंडीला आली असेल.

पाय उशीवर ठेवून झोपते आहे. आवड म्हणून.

७ डिसेंबर, रविवार.
एकटी रिक्षा करून मॉलमध्ये गेले. तिथे मालिशच्या खुर्च्या असतात, मागे पाहिल्या होत्या. पाय खालच्या खोबणीत घालायचे, यंत्र पोटऱ्या दाबून काढतं. माणूसच नाही, त्यामुळे प्रश्न नाहीत. बाजूला पाटी होती, कोणी बसू नये वगैरे. बारीक अक्षरात आणि इंग्रजीत, म्हणजे आपल्यासाठी नाही.

बसले. पाय घातले. डावा जरा कोंबावा लागला. नोट कुठे घालायची ते सापडेना. वॉचमन म्हणाला, मावशी, पैसे नाही चालत, मोबाईलने स्कॅन करा. माझा मोबाईल बटणांचा. एका पोराला म्हटलं, बाळा, तू तुझ्या मोबाईलने दे, मी तुला नोट देते. त्याने माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्याचं बँक खातं लुटायला आलेय. मी म्हटलं, अरे, तुझ्या खात्यात लुटण्यासारखं काही असतं तर रविवारी एकटा फिरला असतास का? गेला निघून. मग डावा पाय खोबणीतून निघेना. वॉचमनने काढला.

देशाचं वाटोळं झालंय. रोख पैशाला मान नाही.

९ डिसेंबर, मंगळवार. दुपारी.
लिफ्ट बंद. तिसरा मजला चढून आले. प्रत्येक वळणावर थांबावं लागलं, छातीत भाता चालावा तशी धाप. ह्या बिल्डरने पायऱ्या उंच केल्यात, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. आत्ताच कशा जाणवल्या म्हणाल तर थंडीत जाणवतात.

सुदर्शन, माझा लेक, जेवताना म्हणाला, आई, लंगडतेस का? म्हटलं, चप्पल नवी आहे. म्हणाला, घरात कुठे चप्पल आहे? ह्याला लहानपणापासून नको तिथे लक्ष घालायची सवय.

आंघोळ करताना बघितलं. उजवी पोटरी पडवळ, डावी दुधी भोपळा. कातडी चकचकीत. मालिश न झाल्याने झालंय हे सगळं. पायलला भोवणार हे.

आता थांबायचं नाही. कांताबाईला निरोप धाडला. अवनीच्या वेळी बाळ-बाळंतिणीला तेल लावायला हीच यायची. कसला हात! एकदा चोळलं की माणूस ओरडतो, मग झोपतो. ती काही विचारत नाही. विचारलं तरी ऐकून घेत नाही. शनिवारी दुपारी ये म्हटलं. त्या दिवशी सुदर्शन-पूर्णिमा कोणाच्या तरी वास्तुशांतीला जाणार, अवनी मैत्रिणीकडे.

आणि विहीणबाईंना जेवायला बोलावलंय. त्या सोफ्यावर बसून बघतील, मी चटईवर राणीसारखी पडेन, कांताबाई माझ्या घरी, माझ्या तेलाने, माझी सेवा करेल. कूपन न लागता.

११ डिसेंबर, गुरुवार.
अवनीने सांगितलं, आजी, तुझा रिव्ह्यू गाजतोय. मी खूश. म्हटलं, काय म्हणतात लोक? वाचायला लागली. एकीने लिहिलंय, मी सहा महिन्यांची गरोदर आहे, अशीच नीट विचारपूस करणारी जागा शोधत होते. एकाने लिहिलंय, वडिलांच्या हृदयात स्टेंट आहे, आता निश्चिंतपणे नेता येईल. दुसऱ्याने लिहिलंय, ह्या बाईंना पाच स्टार द्यायचे असतील, चुकून एक दिला वाटतं. आता म्हणे तिथे आठवडाभर नंबर लागत नाही.

पुण्यातली माणसं वाचतात एक आणि समजतात भलतंच.

पायाने आज घरातल्या घरात चालायलाही कुरकुर केली. शनिवार दोनच दिवसांवर. शनिवारी सगळ्यांचा हिशोब.

१३ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी. हॉस्पिटल.
अवनीला सांगितलं, डायरी आण, वाचू नकोस. वाचली नाही म्हणते. डोळे सुजलेत तिचे.

जे झालं ते क्रमाने लिहिते.

विहीणबाई बाराला आल्या. मी रस्सा मुद्दाम जहाल केला होता. अख्खी मूठ लवंगी मिरची. म्हटलं, आधी घाम काढू. त्यांनी भुरका मारला, दुसरा मारला, म्हणाल्या, चव चांगली आहे हो विहीणबाई, फक्त तिखट जरासं कमी पडलं. वर कच्ची मिरची मागून घेतली. माझ्याच नाकातून पाणी आलं.

मग कांताबाई आली. तेल कोमट केलं. मी चटईवर पडले, साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि विहीणबाईंना म्हटलं, तुम्ही शिरा खा हो निवांत, माझं रोजचंच आहे हे. कांताबाईने पाय बघून म्हटलं, अगंबाई, वारा भरलाय, दोन हातांत उतरवते. तळव्यावर तेल घेतलं, तळवे घासले.

तेवढ्यात वाटी पडली. शिऱ्याची. माझा नवा गालिचा. आणि विहीणबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की शेजाऱ्यांचं दार उघडलं. हात नको लावू त्या पायाले! एरवी आमच्याकडे शुद्ध बोलतात. कांताबाई म्हणाली, काही होत नाही ओ, जन्म गेला माझा चोळण्यात. तर ह्यांनी तिचं मनगट धरलं. सत्तरीची बाई, शुगरवाली, पण सोडेचना.

आमचे हे असेच गेले, म्हणाल्या. प्लास्टर काढल्यावर पाय सुजला. गल्लीतला मालिशवाला बोलावला. मीच बोलावला. चांगला रगडून चोळला त्याने. ते उठून बसले, चहा मागितला. मी चहा घेऊन आली तं गेलेले.

कांताबाईने हात पदराला पुसले.

विहीणबाईंचे यजमान अचानक गेले एवढंच मला माहीत होतं. त्यांनी सांगितलंही असेल. मी त्या बोलायला लागल्या की टीव्हीचा आवाज वाढवते.

मला उठू दिलं नाही. बाथरूमलाही नाही. उशाशी बसून राहिल्या, एक हात माझ्या खांद्यावर दाबून, दुसऱ्या हाताने सुदर्शनला फोन. मी म्हटलं, विहीणबाई, तमाशा नको. म्हणाल्या, चूप बसा. मला. माझ्या घरात. आणि मी बसले.

अ‍ॅम्ब्युलन्स. पायाची सोनोग्राफी, छातीचा स्कॅन. पोटरीपासून मांडीपर्यंत गाठ, आणि तिचा एक तुकडा आधीच फुप्फुसात पोचलेला. डॉक्टरने विचारलं, जिना चढताना धाप लागत होती का? म्हटलं, पायऱ्या उंच आहेत. त्याने सुदर्शनकडे बघितलं. म्हणाला, हा पाय आज चोळला असता तर आजींशी हे बोलणं झालं नसतं.

पूर्णिमाने विचारलं, आई, सेंटरमध्ये त्यांनी काहीच सांगितलं नाही का हो? मी डोळे मिटून घेतले. आजारी माणसाला एवढी सूट असते.

१५ डिसेंबर, सोमवार.
विहीणबाई रोज वाघोलीहून येतात, गाव ओलांडून. खुर्चीवर बसतात, मोसंबी सोलतात, निम्मी स्वतः खातात, शुगर असून.

एकदाचं विचारलं, त्या दिवशी तुमची मालिश कशी झाली? म्हणाल्या, कसली मालिश वो! शुगर आहे, पायाला मुंग्या येतात म्हणून सांगितलं, तर त्या पोरीने पायाला नुसता फडका फिरवल्यासारखं केलं. पाठीवरून मोराचं पीस. मी तं झोपली.

तोंडावरचं ते तेज झोपेचं होतं.

पायल येऊन गेली. अवनीने सेंटरला फोन करून तिला सगळं सांगितलं होतं, रिव्ह्यूसकट. मला वाटलं आता बोलेल, मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, आजी, त्या नंबरवर मी रोज फोन करत होते, लागतच नव्हता. माझं उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं होतं. तसंच राहिलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार. घरी.
रक्त पातळ होण्याची इंजेक्शनं, पोटात, सकाळ-संध्याकाळ, मग पुढे गोळ्या. पूर्णिमा सुई उचलते आणि परत ठेवते. सुदर्शन सुई बघून खाली बसला. अवनी म्हणाली, व्हिडिओ बघून शिकते. मी म्हटलं, आधी त्या व्हिडिओवाल्याला टोच.

विहीणबाई रोज स्वतःला इन्सुलिन टोचून घेतात. सवयीचा हात. बॅग घेऊन आल्या आहेत. माझ्या खोलीत, खिडकीकडचा पलंग. कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून द्यावे लागले. रात्री घोरतात. रश्श्यात मिरची कमी म्हणून आता स्वयंपाकही त्याच बघतात, सगळ्या घराच्या डोळ्यांतून पाणी, आणि कोणी काही बोलत नाही, कारण त्यांनी माझा जीव वाचवला.

बरी झाल्यावर काय करायचं ह्याचे ठराव लिहायला बसले होते. पहिला आकडा घातला. पुढे सुचेना. जिच्यावर सूड घ्यायचा तिच्याच हाताने दिवसातून दोनदा जगायचं, ह्याला काही रीत सापडत नाही.

दारात उभ्या आहेत, कापसाचा बोळा घेऊन. म्हणतात, विहीणबाई, लिहिणं पुरे, पोट काढा.

काढते.