डाव्या बाजूचं गवत

प्रिय धाकट्या,

काल फोनवर 'सगळं ठीक' म्हणाले, ते खोटं होतं. फोन बाबांच्या खुर्चीशेजारी असतो आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत, म्हणून हे पत्र. ताईच्या डोक्यात पुन्हा संशयाचा किडा, असं म्हणशील. म्हण. पण सोमवारी अहवाल पाठवायच्या आधी हे शेवटपर्यंत वाच.

तू कंपनीतून पाठवलेले, गवत वाढवणारे जिवाणू बाबांनी आपल्या कुरणाच्या डाव्या अर्ध्यावर फवारले आणि उजवा अर्धा तसाच ठेवला. तीन महिन्यांत डावीकडे गवत गुडघाभर, उजवीकडे जेमतेम घोट्याएवढं. फोटो बघून तू नाचलास. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली ती गाईंमुळे. त्या डावीकडे जायच्या, हुंगायच्या आणि नाक मुरडून उजवीकडचं खुरटं गवत ओरबाडत बसायच्या.

खरं सांगू? पहिला संशय तुझ्यावरच आला. वाटलं, नोकरीत नाव व्हावं म्हणून यानं गुपचूप रासायनिक खत मारलं. मागच्या खेपेला तुझी बॅगसुद्धा तपासली मी. मोज्यांशिवाय काही सापडलं नाही, तेही न धुतलेले. मग शेजारच्या मेंढीवाल्यावर पाळत ठेवली, कारण तो हल्ली फार गोड बोलत होता. शेवटी कळलं, त्याला फक्त आपली शिडी हवी होती.

मग गोठ्यामागचा शेणाचा ढीग खचलेला दिसला. हातगाडीचं चाक रोज सकाळी ओलं. बाबा तर पहाटे फिरायला जातो म्हणत होते, गुडघ्याला बरं असतं म्हणून. मंगळवारी मी गोठ्याच्या खिडकीशी उभी राहिले. पाण्यात कालवलेलं शेण गाडीतून नेऊन ते डावीकडे ओतत होते, गुडघा दाबत खाली बसत होते, पुन्हा उठत होते. गाय शेणाजवळचं गवत खात नाही, हे रोज धारा काढणाऱ्या मला आधीच कळायला हवं होतं.

फवारणीनंतर दोन दिवसांनी तू फोनवर सांगितलंस ना, जंतुनाशक लागलं की हे जिवाणू मरतात? तेव्हा बाबांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, रक्तदाब. त्यांचं पहाटेचं 'फिरणं' त्याच आठवड्यात सुरू झालं. अरे, जन्मभर दुधाचे कॅन जंतुनाशकानं धुतलेला माणूस तो. तू म्हणतोस जिवाणू, त्यांच्या लेखी सगळे जंतूच. लेकाची बाटली आली म्हणून फवारणीची टाकी त्यांनी आधी दुप्पट जंतुनाशक घालून लखलखीत केली असणार. मी झाकण उघडून पाहिलं, अजून वास येतो.

तेव्हा अहवाल पाठवू नकोस. त्याच्या भरवशावर दोनशे घरं आपापली कुरणं फवारतील, आणि त्यांच्याकडे आपले बाबा नाहीत. तुझे जिवाणू पहिल्याच दिवशी मेले, ते गवत बाबांच्या गुडघ्यांनी वाढवलंय. तुला वाईट वाटेल, मलाही हे लिहिताना रडू आलं. नवी बाटली घेऊन ये, टाकी मी साध्या पाण्यानं धुऊन ठेवते. बाबांना मात्र एवढंच सांग, की ती बाटली मुळातच खराब निघाली होती. त्यांचा विश्वास बसणार नाही, ते माझ्याकडे बघतील. मी हो म्हणेन. माझ्यासारख्या संशयी बाईनं हो म्हटलं, की त्यांना पटतं.

तुझीच,
बॅग तपासणारी ताई