बसल्या उंचीचं माप

आदरणीय दादांना,

मान आखडल्यामुळे आपोआपच खाली वाकून केलेला नमस्कार. (कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि तुमच्या बहिणीची पाठ या तिघांची खुशाली कळवावी. पाठीची जरा सविस्तर. तिला तुमच्याकडे येऊन दीड महिना झाला. "त्या गाडीत आता या जन्मी मी बसायची नाही," असं सांगून ती टॅक्सीत बसली, आणि आमची बिचारी गाडी फाटकातून तिच्याकडे बघत राहिली. (गाडी कसली बघते, मीच बघत होतो.)

तिचं काही चुकलं नाही. गाडी माझ्या वडिलांच्या वेळची. रस्त्यात अजून लोक वळून बघतात, पण पुढच्या सीटच्या स्प्रिंगा इतक्या बसल्या होत्या की खड्ड्यात चाकाआधी माणूस जायचा. डॉक्टर म्हणाले होते, पाठीला नीट आधार देणारी सीट असेल तरच प्रवास. मग मी मनाशी ठरवलं, गाडी तीच ठेवायची, सीटा नव्या घालायच्या आणि तिला त्याच गाडीतून घरी आणायचं. आमच्या मिस्त्रींनी (यांना गाडीतलं सगळं कळतं, फक्त 'उद्या देतो' म्हणजे कधी ते कळत नाही) बातमी आणली की भंगारात एक नवीकोरी गाडी आलीय, मागून पार चेपलेली, पण पुढच्या सीटांना ओरखडासुद्धा नाही.

दादा, त्या सीटा बघून मला आमच्या बैठकीच्या खोलीची लाज वाटली. कमरेला हवेची उशी, डोक्याला वेगळी उशी, पुढेमागे सरकायला मोटार. पण मोटारीला हवे बारा व्होल्ट आणि आमची बॅटरी सहाची. बटण दाबून आम्ही चहा घ्यायला गेलो, परत येईपर्यंत सीट बोटभर सरकली होती. शेवटी मोटार काढून टाकली. मग सीटखालच्या पट्ट्यांची भोकं गाडीच्या भोकांशी जुळेनात, म्हणून मिस्त्रींनी लोखंडी चौकट करून तिच्यावर सीट ठेवली. अगदी सुरेख बसली. मग मी बसलो, आणि डोकं छताला टेकलं.

तसाच मान वाकवून बाजारापर्यंत चक्कर मारली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं, मी नमस्कार करतोय. माझ्या दुकानासमोरचा पेंटर, ज्याच्याशी अकरा वर्षं बोलणं बंद होतं, त्यानेही हात जोडले आणि म्हणाला, "कसं काय, मास्तर?" भांडण मिटलं, मान मात्र तशीच राहिली. शिवाय पोट हॉर्नवर येतं. दीर्घ श्वास घेतला की रस्ता मोकळा होतो.

म्हटलं, माझं एक वेळ चालेल, तिची सीट तरी मापात हवी. चौकट जास्त कापली तर उठताना पाठीला ताण, कमी कापली तर डोकं छताला. आता चाळीस वर्षं मी शिंपीकाम करतोय, हिची मापं मला तोंडपाठ. पण आम्ही माणसाला उभं करून मोजतो हो! बसलेल्या माणसाची उंची मी जन्मात मोजली नव्हती. निदान पाठीच्या लांबीवरून अंदाज येईल म्हणून तिच्या कपाटातला, मीच शिवलेला एक ब्लाऊज काढला. उलटा केला आणि बघतच राहिलो. दोन्ही बाजूंची माझी शिवण उसवून तिने आतून हाताने शिवलं होतं. दुसरा काढला, तोही तसाच. जुने बोटभर आत, अलीकडचे दोन-दोन बोटं. गेल्या तीन-चार वर्षांतले सगळे. मी आपला माप न घेता शिवत राहिलो (आणि गिऱ्हाइकांपुढे मिरवत राहिलो), आणि ती दर वेळी "छान बसला" म्हणत राहिली. दादा, बायको डोळ्यांदेखत बारीक होत गेली आणि शिंप्याला पत्ता नाही. फार वाईट वाटलं. त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

असो. सीटांना तिच्या आवडीचा राखी कपडा चढवलाय. कमरेची उशी सायकलच्या पंपाने फुगते. बाकी इथे सगळं ठीक आहे, म्हणजे घर जिथल्या तिथे आहे. वहिनींना नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. एक छोटंसं काम होतं. तिला भिंतीला टेकून खुर्चीवर बसवा, डोक्यावर पुस्तक आडवं धरून भिंतीवर पेन्सिलीने खूण करा, आणि खुर्चीच्या बैठकीपासून खुणेपर्यंत माप कळवा. डॉक्टरांनी मागितलंय म्हणा. संशय आलाच तर वहिनींवर ढकला.

आणखी ता. क. ब्लाऊजांचं तिला बोलू नका. मला वाईट वाटू नये म्हणून तिने लपवलंय, तर लपलेलंच राहू दे.

चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितोय. माप तुम्ही घेऊ नका. तुमच्यासमोर ती ताठ बसेल आणि मला ती रोज बसते तशी हवी आहे. रविवारी मी टेप घेऊन बसने येतो. गाडीचं नंतर बघू. ब्लाऊजांचंही मीच बोलेन. तिला एवढंच विचारून ठेवा, मास्तर सगळी मापं पहिल्यापासून घ्यायला येतोय, चालेल का?