केस कशाने आले

३ फेब्रुवारी

आज पुन्हा माझी वेणी! ताईने मला खिडकीशी पाठमोरी बसवलं, मोबाईल लावला आणि व्हिडिओ सुरू — "ही माझी धाकटी बहीण. मागच्या वर्षी टक्कल पडायची वेळ आली होती. फक्त एरंडेल लावलं!" मी मान डोलावली. नंदीबैलासारखी.

टक्कल म्हणे!

९ फेब्रुवारी

घरात एक वस्तू कोरडी राहिलेली नाही. बिजागऱ्या, कात्री, चपला, आईच्या टाचा, माझ्या भुवया — सगळ्यांना तेच तेल, एकाच बाटलीतून. उशीचे अभ्रे चिकट. आज दुकानात नवा चष्मा गिऱ्हाइकाच्या हातात दिला, तर काचेवर माझ्या बोटाचा तेलकट ठसा. मालक म्हणाले, "एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करू नका, काच पुसा." त्यांना काय कल्पना! हसू आलं, आणि डोकंही फिरलं.

१० फेब्रुवारी

लिहूनच टाकते. केस तेलाने आले नाहीत. थायरॉईडच्या गोळीने आले. आई वीस वर्षं घेते, तीच गोळी. माझी दुकानात असते, माझ्या खणात, चष्म्याच्या रिकाम्या डबीत. रोज उपाशीपोटी घरून निघते, तिथे घेते. घरात कुणाला पत्ता नाही.

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ताईची नोकरी नुकतीच गेली होती. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. माझ्या डोक्याला तेल लावायला म्हणून पहिल्यांदा उठली. कुठल्या तोंडाने सांगणार होते?

आणि आता सांगायची सोय नाही. बाईसाहेब हवेत आहेत!

२ मार्च

शेजारीण जिन्यात थांबवून म्हणाली, "ताईंच्या हाताला गुण आहे हो!" राबली गोळी, आणि ही आयत्या बिळावर नागोबा.

घरी येऊन भांडले. बाटलीच्या झाकणावरून! खरं कारण ओठांवर आलं होतं, गिळलं. ताई म्हणाली, "तुझ्यासाठी एवढं केलं, आणि तू..." मी आतून कडी लावून बसले.

१९ मार्च

आई दुपारभर झोपते. एवढ्या उकाड्यात स्वेटर घालून बसली होती. चेहराही सुजल्यासारखा. "वय झालं गं," म्हणाली, तेही अर्ध्या मिनिटाने. ताई तिच्या तळपायांना तेल चोळत होती. वर मला, "जरा मोबाईल धर ना." धरला नाही. तणतणत दुकानात गेले.

२७ मार्च

उद्या ताईला सांगणार. रडली तर रडू दे.

२८ मार्च

नाही सांगितलं. सकाळी तिने माझा डबा भरून ठेवला होता. चीड आली स्वतःचीच.

६ एप्रिल

आई आज उठेचना. हाक मारली की डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. दवाखान्यात नेलं. वेळेवर आणलंत, म्हणाले. संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट घेऊन डॉक्टर आले. "यांची थायरॉईडची गोळी कधीपासून बंद आहे?"

उत्तर आईनेच दिलं, अडखळत. "जानेवारीपासून. माझं दुखणंही केस गळूनच सुरू झालं होतं. हिचं तेलाने थांबलं ना? म्हटलं, मग गोळी कशाला."

ताई तिथेच खाली बसून रडायला लागली. मी तेव्हाही काही बोलले नाही.