शालनला कशाला मारली?

६ जाने. २००३, सोम.
एका उद्योगपतींचं चरित्र आज वाचून संपलं. अकरा दिवस लागले. शेवटी त्यांना हार घालतात, सभागृह उभं राहतं. मी पुस्तक मिटून वर बघितलं. काकी जीन्सचे धागे कापता कापता म्हणाली, "याचे बायकोचा नाव काय?"

मागे जाऊन शोधलं. पा. ६१: 'याच सुमारास विवाह झाला.' पा. १४०: 'कुटुंबीयांनी मोलाची साथ दिली.' नाव नाही. कुत्र्याचं आहे, मोती. शोभा हसून लोळायची बाकी. नूरआपा म्हणाली, "तो फिर मोती को बोलो, डब्बा बनाए."

काकीला सहीपुरतंही अक्षर येत नाही. साठीची बाई, पालेगावची. पण पुस्तकातलं भोक पहिलं तिलाच दिसतं.

७ जाने.
शोभाने विचारलं, तुझा आवाज बसत नाही का. नाही बसत. वर्षावासात विहारात ग्रंथ मीच वाचायचे, मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांना ऐकू जाईल असा. खालच्या मशिनींचं मला काही वाटत नाही. माळ्यावर आम्ही चौघी आणि जीन्सचे ढीग. दिवाळीपासून मी वाचते, माझ्या वाट्याचे धागे या तिघी कापतात. अजून कुणाची तक्रार नाही.

वाचनालयातल्या मॅडमची मात्र आहे. पुस्तकं निळी होऊन येतात म्हणे. बोटांना लागलेला जीन्सचा रंग जात नाही त्याला मी काय करू.

९ जाने., गुरु.
शेठ वर आले. मी वाचत होते, थांबले नाही. आता थांबलं तर चोरी केल्यासारखं दिसेल. जिन्यात उभं राहून त्यांनी पूर्ण पान ऐकलं. मग दुपारी स्वतः एक पुस्तक घेऊन आले. धंद्यात यशस्वी कसं व्हावं, मराठी भाषांतर. "ये पढ़ो बेटा. ज़िंदगी बन जाएगी."

प्र. १: पहाटे पाचला उठा, तासभर शांत बसून स्वतःचा विचार करा.
शोभा: "पाच बजे? आमचं पाणी साडेचारला येतं. हा बसलाय तेव्हा याचं पाणी कोण भरतंय?"
काकी: "मोती."

१४ जाने., मंगळ.
प्र. ४, 'नाही म्हणायला शिका'. वाचताना मीच दोनदा थांबले. चांगलं लिहिलंय. उगाच नावं ठेवणार नाही. 'नाही' म्हणताना कारण देत बसू नका, कारण दिलं की समोरचा कारणाशी भांडतो.

संध्याकाळी सुपरवायझर म्हणाला, रविवारी यायचंय. शोभा म्हणाली, "नाही." तो थांबला. ती पण थांबली. कारणच नाही म्हटल्यावर भांडणार कशाशी? गेला.

१६ जाने.
शेठनी पुस्तक परत मागितलं. घरात कुणाला तरी वाचायचंय म्हणे. अर्धं राहिलं. शोभाला सगळ्यांत जास्त वाईट वाटलं.

२० जाने., सोम.
वाचनालयातून कादंबरी आणली. मॅडम म्हणाल्या, रुमाल घेऊन बसा. खाडीकाठचं गाव, शालन नावाची सून. पहिल्याच पानावर ती मिठाच्या पाट्या वाहते. काकीने मान वर केली. "हा, बरोबर. डोकीवर मीठ वितलतं, मानेवर येतं." म्हणजे लेखक पास.

२४ जाने.
शालनने सासूला उलट उत्तर दिलं. नूरआपाने टाळी वाजवली. तिला मराठी अर्धंच कळतं, बाकीचं आवाजावरून. घरी पोरं विचारतात, आई, शालनचं काय झालं. हे सुद्धा पेपर वाचायचं नाटक करून ऐकतात.

२९ जाने., बुध.
संपली. शालनने विहिरीत उडी मारली. शेवटचं वाक्य असं, की पाण्यावर वलयं उठली आणि मग तीही विरली. एवढंच. शोभा रडली, आपा रडली, मी शेवटची ओळ कशीबशी वाचली. फार सुंदर वाचलं असं मला वाटलं.

काकी रडली नाही. कटर खाली ठेवला. "कशाला मारली तिला?"
मी म्हटलं, काकी, गोष्टच तशी आहे, तिला वाटच उरली नव्हती.
"वाट त्याचेकरे नव्हती. तिचेकरे व्हती."
उठून खाली गेली. डबा खायला पण आली नाही.

३१ जाने.
काकी दोन दिवस नाही. आजवर कधी खाडा केलेला नाही.

२ फेब्रु., रवि.
पालेगावला गेले. काकीच्या घराच्या तिन्ही बाजूंनी बिल्डिंगा. ती अंगणात कोलीम, ती बारीक सुकी कोळंबी, निवडत बसलेली, तब्येत ठणठणीत. मी विचारलं नाही. चहा झाल्यावर आपणच सांगायला लागली.

तीस वर्षांमागे तिची धाकटी जाऊ, हिराबाई, विहिरीत पडली. म्हणजे पडली नाही. पुरुष सगळे शेतावर. काकी पोहऱ्याच्या दोराने खाली उतरली. पोहता येत नव्हतं. एका हातात दोर, दुसऱ्या हातात हिराबाई. किती वेळ ते माहीत नाही, पुरुष आले तेव्हा हाताची सालं निघालेली.

"वलयं बोलतो. पानी काला व्हता आनि ती मना चावत व्हती. सोर बोलत व्हती. मी नाय सोरली." मग म्हणाली, "त्याला काय, एका ओलीन मोकला झाला."
मी विचारलं, हिराबाई आता?
काकीने हनुवटीने समोर दाखवलं. पलीकडच्या ओट्यावर एक बाई पापड वाळत घालत होती. पांढरे केस, मांडीवर नातू. माझ्याकडे बघून हसली.
"तवापासून त्याचेवर एक शब्द नाय. ती बोलली नाय, मी पन नाय."

येताना रिक्षात मला माझ्या सुंदर वाचण्याची लाज वाटली.

४ फेब्रु., मंगळ.
काकी आली. येताच म्हणाली, "त्या मानसाला पत्र लिव."
लेखकाला. प्रकाशकाचा पत्ता पुस्तकात होताच. चौघींनी मिळून सांगितलं, मी लिहिलं. आधी नीटनेटकं केलं, 'आपली कादंबरी अत्यंत हृदयस्पर्शी' वगैरे. वाचून दाखवल्यावर काकी म्हणाली, हे मी बोललेच नाय. फाडलं. दुसऱ्या वेळी तिचे शब्द तिच्यासारखेच लिहिले. शोभाने खाली लिहायला लावलं: 'तरी पण पुस्तक मस्त आहे.' काकीने अंगठा दिला, आम्ही सह्या. सगळ्यांची बोटं निळी, वेगळी शाई लागली नाही.

२० फेब्रु., गुरु.
पोस्टकार्ड!! लेखकाचं. अक्षर बारीक, तिरकं. 'आपलं पत्र वारंवार वाचलं. १ मार्चला बदलापूरच्या वाचनालयात बोलायला येतोय. सर्वजणी जरूर या.'

यांना दाखवलं. "लेखकाला उलट लिहिलंस? तू?" मग कार्ड उलटसुलट केलं, परत वाचलं. "शनिवारी पोरांना मी बघतो. जा."

१ मार्च, शनि.
सगळं लिहून ठेवते.

शेठनी तासभर आधी सोडलं. शेअर रिक्षाने अंबरनाथ, तिथून दुसरी. आम्ही चौघी तिसऱ्या ओळीत बसलो. लेखक सत्तरीचे, आवाज मऊ. भाषणात म्हणाले, उल्हासनगरच्या काही कष्टकरी भगिनींचं पत्र आलंय, त्या विचारतात शालनला का मारलंत. लोक कौतुकाने हसले, लहान मुलाने काही बोलल्यावर हसतात तसं. मग ते शोकांतिकेवर बोलले. शालनचा मृत्यू म्हणजे व्यवस्थेवरचा आरोप आहे, तिला जगवलं असतं तर वाचक निश्चिंत झोपला असता. चांगलं बोलले. मला जवळजवळ पटलं.

काकी उभी राहिली. मी पदर ओढला, तिने सोडवून घेतला.
"तुमी कवा बावीन उतरलाव का?"
लेखक म्हणाले, विहिरीत? नाही.
"मंग ती मेली, हे तुमाला कोनी सांगला?"

कुणी हसलं नाही. काकी बोलत राहिली. आमचे घरान बाय परली, मी उतरले, काढली, ती हाय. दोन मिनिटं झाली असतील. लेखकांनी चष्मा काढला. मग विचारलं, खरंच विचारलं, टोमणा नव्हता: "बाई, समजा ती जगली. पुढे काय होतं? दुसऱ्या दिवशी? मला ते लिहिता आलं नसतं."

काकी म्हणाली, "मना पन सांगता येत नाय." आणि माझ्याकडे बोट. "हिला येल."

आख्खा हॉल माझ्याकडे. मी काय केलं? मान हलवली. हो म्हणून. का हलवली देव जाणे. पण खोटी नाही हलवली.

निघताना लेखक काकीजवळ आले, नमस्कार केला. मला म्हणाले, लिहिलंत तर पाठवा.

९ मार्च, रवि.
पोरं खेळायला गेली की लिहिते. चार पानं. शालनला बाहेर काढलं. वलयं खोडली. एक बाई दोराने उतरते, ती माझी. काढल्यावर काय? कोरडं लुगडं कोण आणतं? चूल कोण पेटवतं? काकीला विचारलं होतं, दुसऱ्या दिवशी काय झालं? म्हणाली, "तिनी भाकऱ्या भाजल्या." एवढंच मिळालं.

मी पाचवं पान लिहिलं. दोघी गळ्यात पडतात, रडतात. फार छान झालंय.

१२ मार्च, बुध.
माळ्यावर वाचलं. पुस्तकाच्या आवाजात नाही जमलं. आजवर दुसऱ्याचं वाचायचे.

आपा: "पानी वाला अच्छा है. सर्दी लगती है सुनके."
शोभा: "पहिलं पान थोडं बोर आहे, खरं सांगते. नंतर एकदम टाइट."
काकी पाचव्या पानापर्यंत धागे कापत राहिली. तिथे म्हणाली, "हितं तू घाबरलीस. असा नाय व्हत."
मी त्यांच्यासमोर ते पान काढून टाकलं. दुखलं, पण ती बरोबर होती. उरलेली चार पानं चांगली आहेत. हे मी दुसऱ्या कुणासमोर म्हणणार नाही. इथं म्हणते.

१९ मार्च, बुध.
घोळ झाला. त्या दिवशी हॉलमध्ये पालेगावचे एक मास्तर होते. काकीने नाव घेतलं नव्हतं, पण 'आमचे घरान' म्हटल्यावर गावाला कळायला किती वेळ लागतो. गोष्ट हिराबाईंपर्यंत गेली.

काल त्या काकीच्या दारात आल्या. काकीला वाटलं, आता शिव्या. हिराबाई म्हणाल्या, "त्या पोरीनी काय लिवलाय ते मना ऐकाचा हाय."
काकी सोमवारी त्यांना घेऊन येणार.
मी म्हटलं, काकी, नको. खरी बाई समोर बसवून कसं वाचू?
"जसा हाय तसा वाच."

२३ मार्च, रवि.
चार पानं परत बघितली. तीन शब्द बदलले, तिन्ही परत पहिल्यासारखे केले. हे म्हणाले, पाठवून टाक त्या लेखकाला, ते तरी ओळखीचे नाहीत. नाही. आधी उद्या.

२४ मार्च, सोम.
हिराबाई आल्या. शेठना काकीने सांगितलं, जाऊ आहे, बसेल थोडा वेळ. "बैठो अम्मा," म्हणाले, पंखा त्यांच्याकडे फिरवला.

वाचलं. सबंध. कुठेही आवाज खाली नेला नाही. विहिरीचं पान आलं तेव्हा शोभा आणि आपाने कापणं थांबवलं. काकी कापत राहिली. हिराबाई डोळे मिटून बसलेल्या, देवळात बसतात तशा.

संपलं. मी म्हटलं, चुकलं असेल तर सांगा.

हिराबाई म्हणाल्या, "चांगला हाय. पानी बरोबर लिवलास. हिचा हात बरोबर लिवलास." डोळे उघडले. "पन ती उरी कशाला मारते, ता कुठं हाय?"

मी पानं चाळली. नव्हतंच. मी ती उडी पुस्तकातून तशीच उचलली होती. लेखकांनी वरून ढकललं, मी खालून काढलं. मधलं कुणीच नाही.

"कोनी इचारलाच नाय," हिराबाई म्हणाल्या. रागाने नाही. भाव सांगावा तसं. "काढली, सगले हिचा नाव घ्याचे. मना कोनी इचारला नाय."

काकीचा हात थांबला. तिचं तोंड मी कधी असं पाहिलं नव्हतं. तीस वर्षं समोरासमोर राहून, रोज बघून तिनेही विचारलं नव्हतं. मग जीन्स बाजूला केली आणि हिराबाईंच्या समोर सरकून बसली.

"मी इचारतंय," काकी म्हणाली. "सांग."

माझ्या हातात पेन होतं. लिहून घेऊ का, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. पेन खाली ठेवलं.

हिराबाई बोलल्या, जेवणाच्या सुट्टीपर्यंत. काय ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. इथं लिहीत नाही.