गंगारामला शेजारी पाहिजे

वाशी, न्यू बॉम्बे
शुक्रवार, ६ मार्च १९८७

ती. रावसाहेब दाजी यांस,

भगवानचा सविनय जयभीम. तुमची तब्येत ठणठणीत असणार, आणि नसली तरी तुम्ही ते कुणाला कळू देणार नाही, असं धरून चालतो. आक्काच्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार सांगा, कारण गेल्या खेपेला ती स्वतःपेक्षा गुडघ्यांबद्दलच जास्त बोलत होती. दाभोळला यंदा आंब्याला मोहोर कसा काय आहे? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. (ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे दिवाळीपासून माझ्या घरात मासा शिजलेला नाही. मी दुधी खातो, दाजी. पडवळ खातो. परवा तर नुसतं शेवग्याच्या शेंगांचं पाणी भाताबरोबर ओरपलं आणि डोळे मिटून ते तिसऱ्यांचं कालवण आहे अशी कल्पना केली. कल्पनेत मीठ कमी पडलं.) रखमाने माशांवर बंदी घातल्याचं जयमालाने नाशिकहून तुम्हाला कळवलंच असेल, आणि त्यात बापाचीच चूक दाखवली असेल. पोरगी सासरी गेली की आईच्या पक्षाला मिळते. तेव्हा आता माझी बाजू ऐका.

सगळ्याचं मूळ आमचे शेजारी झहूरभाई. मूळचे उरणकडचे, बरीच वर्षं कुवेतला होते. तिकडून येताना लोक टेपरेकॉर्डर आणतात, ब्लँकेटं आणतात, ह्यांनी समुद्र आणला. म्हणजे समुद्र ठेवायची काचेची पेटी, आपल्या दिवाणाएवढी लांब, हवा सोडायचं यंत्र, आणि खाली मांडायला पांढऱ्या प्रवाळाचे मोठमोठे तुकडे. तिथल्या एका हॉटेलात म्हणे अशी पेटी होती आणि तिच्यात रंगीबेरंगी मासे एकत्र फिरायचे. पेटी दारातून आत आली तेव्हाच फातिमाभाभींनी सांगितलं, की ह्या घरात एक तर ही राहील नाहीतर मी. झहूरभाईंनी थोडा विचार केला (हे भाभींना आवडलं नाही) आणि पेटी आमच्याकडे सरकवली. वर म्हणाले, "वैनीला करमत न्हाय ना, जीव रमेल." हे मात्र खरं बोलले. जयमालाचं लग्न झाल्यापासून घर खायला उठायचं. रखमा संध्याकाळी दोघांपुरत्या भाकऱ्या करायची आणि सवयीने तिसरी थापायची. मी ती तिसरी भाकरी मुकाट्याने खायचो आणि पोट वाढलं म्हणून बोलणीही खायचो. म्हणून पेटी ठेवून घेतली. शोकेस गॅलरीत गेलं, आणि आम्ही जेवायला बसतो तिथे, ताटासमोर, समुद्र आला.

आता प्रश्न आला मासे निवडायचा. इथे माझ्या स्वभावातली ती जुनी खोड उफाळून आली. सबंध मजला जमलेला होता आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "माशांतलं मला विचारा. आमी कोकणातली माणसं." सगळ्यांनाच हे पटलं, दाजी. आपल्याकडे हीच पंचाईत आहे. घाटावरच्या माणसाला कुणी ऊस खातोस म्हणून साखर कारखाना चालवायला देत नाही, पण कोकणातला माणूस मासे खातो म्हणजे त्याला मासे पाळता येणारच, असं सगळे धरून चालतात. सगळ्यांत आधी मी स्वतः. मला माशांतलं कळतं ते एवढंच, की कल्ला उचलून लाली बघायची, पोट दाबून बघायचं आणि भाव ऐकून पुढे जायचं. मासा जिवंत असला तर यातलं काहीच करता येत नाही. तो कल्ला उचलू देत नाही.

पाण्यापासूनच सुरुवात झाली. मी खाडीचं पाणी आणलं, ते चहासारखं निघालं. मग नळाचं पाणी भरून मिठागराचं खडेमीठ टाकलं आणि किती टाकायचं म्हणून चमच्याने चाखत गेलो. कालवणाला लागतं तेवढं खारट झाल्यावर थांबलो. (रखमा म्हणाली, थोडं कोकमही टाका. तेव्हा ती अजून थट्टा करत होती.) त्या पाण्यात जे मासे सोडले त्यांच्याबद्दल लिहीत नाही. शेवटी जवळच्या दिवाळे गावातल्या होडीवाल्यांना गाठलं आणि खाडीच्या बाहेरचं, भर समुद्रातलं पाणी कॅनमधून मागवायला लागलो. तिथेच आमची मासेवाली जाईबाई भेटली. मी तिला म्हटलं, जिवंत मासे पाहिजेत, एकमेकांशी जमणारे. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "जितं मावरं कशाला पायजे तुला? मेलेलं काय वायीट हाय? मेलेलं कवा भांडत न्हाय," ती म्हणाली. तरी मी हट्ट धरला तेव्हा दोघांनी मिळून विचार केला, आणि आमचं एकमत झालं, की ज्या माशांची एका टोपात चव जमते त्यांचं एका पाण्यातही जमणार. तांबोशी आणि बोय एकत्र शिजवले तर कुणी कुणाला मारत नाही. म्हणून एक लहान तांबोशी आणि बोयची चिल्लीपिल्ली आणली. तांबोशीलाही बोय आवडतात हे आम्हाला पाण्यात घातल्यावर कळलं. पेटी लवकरच मोकळी मोकळी दिसायला लागली, आणि ढेकर देणाऱ्या तांबोशीला मी त्याच होडीतून परत पाठवून दिलं.

मग मी क्रॉफर्ड मार्केटला गेलो आणि रीतसर, शोभेचे असे दोन जोकर मासे आणले. नारिंगी अंग, वर पांढरे पट्टे, आणि चालण्यात तोरा. रखमाने त्यातल्या एकाचं नाव गंगाराम ठेवलं आणि त्या दिवसापासून घरात माझा नंबर दुसरा लागला. तिसरी भाकरी थापणं बंद झालं. ती गंगारामशी बोलायची, जयमालाचं पत्र आलं की आधी त्याला वाचून दाखवायची. घर भरलं, दाजी, हे मला कबूल केलंच पाहिजे. आणि घर भरलं की माणसाला आणखी भरावंसं वाटतं. मी तळहाताएवढा एक हेकरू, खडकात राहणारा मासा, आणून सोडला. गरीब चेहऱ्याचा होता. कोपऱ्यात बसून राहायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी जाणाऱ्या-येणाऱ्याला त्याचं उदाहरण द्यायचो, की बघा, असं शेजाऱ्याने राहावं. दिवाळीच्या आदल्या रविवारी गॅसवर सुरमईचं कालवण रटरटत होतं, मी ताट घेऊन बसलो होतो, आणि आमच्या डोळ्यांदेखत हेकरूने तोंड उघडलं. गंगारामचा जोडीदार होता, आणि नव्हता. गंगाराम प्रवाळामागे जाऊन थरथरत होता.

रखमाने पेटीकडे बघितलं, मग माझ्या ताटाकडे. उठली आणि गॅस बंद केला. "ही पेटी कुठे ठेवलीय?" तिने विचारलं. मी म्हटलं, ताटासमोर. "रोज सकाळ-संध्याकाळ ते आपल्याला मासे खाताना बघतात. तुमी काटे चोखता तेपण बघतात. मग ते दुसरं काय शिकतील?" मी कंपनीच्या स्टोअर्समध्ये माल मोजणारा माणूस, आमच्याकडे मालाने बघून शिकल्याचा दाखला नाही. तिने तिथल्या तिथे शब्द टाकला, की या काचेत दोन जीव एकमेकांना न खाता पुरा महिना नांदले, की मगच या घरात मासा शिजेल. तुम्हाला माहीत आहे, रखमाचा शब्द म्हणजे शब्द. त्या कालवणाचं टोप शेजारी गेलं. हेकरूलाही झहूरभाई बादलीतून घेऊन गेले. पुढे त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही, पण वास चांगला येत होता.

तेव्हापासून मी जोडीदार शोधतो आहे. जयमालाच्या लग्नाला एवढी स्थळं बघितली नव्हती. आपल्यात पत्रिका बघत नाहीत म्हणून, नाहीतर मी माशांच्या पत्रिकाही मांडल्या असत्या. समान उंचीचा आणला, तो गंगारामचं खाणं पळवायचा. शाकाहारी म्हणून एक पिवळा आणला, त्याने शाकाहाराने जगणं अशक्य आहे असं दाखवून प्राण सोडला. अंगाचा फुगा करणारा केंड आणला. (जाईबाईची शिफारस. "याला कोन बी खात न्हाय," म्हणाली. पण तो कुणाला खातो ते तिने सांगितलं नाही. गंगारामचं शेपूट थोडक्यात बचावलं.) एकदा गंगारामच्याच जातीचा आणला, म्हटलं भाऊबंद आहे. भाऊबंदांचं जे होतं तेच झालं, प्रवाळाच्या एका तुकड्यावरून. दरम्यान माझे हाल कुत्रा खात नव्हता. एकदा शुक्रवारी ताट घेऊन चोरासारखा फातिमाभाभींच्या दारात गेलो. आत बांगडा तळला जात होता. भाभींनी दार अर्धवट उघडलं आणि म्हणाल्या, "भगवानभाव, वैनीनं माझ्याकडनं शब्द घेतलाय. मी न्हाय वाढनार. पाव देऊ?" मी पाव घेतला आणि जिन्यात बसून वासाबरोबर खाल्ला. खानावळीत जाऊन खाल्लं असतं तर कुणाला कळलं नसतं, असं तुम्ही म्हणाल. एकदा गेलोही. पापलेट समोर आलं आणि मला वाटलं, घरी ती आणि गंगाराम दोघंच बसली असतील, आणि ही दुधी खात असेल. तसाच उठलो. तिच्यामागे खाणं मला जमत नाही. या वयात ही नवीन खोड लागली आहे.

आणि मग मी निवडणं सोडलं तेव्हा झालं. होडीवाल्याच्या कॅनमधल्या पाण्याबरोबर एक मासा आपणहून आला. करंगळीएवढा, राखाडी, रूप म्हणाल तर नाहीच. दगडाखाली राहायचा, खाली पडलेलं खायचा. गंगाराम वर, हा खाली. एकमेकांकडे ढुंकून बघायचे नाहीत. रखमाने त्याचं नाव भाडेकरू ठेवलं आणि कॅलेंडरवर खूण केली. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी महिना भरतो. तेव्हा तुम्ही आणि आक्का त्या दिवशी जेवायला यायचंच, ही खास विनंती. जाईबाईला सुरमई सांगून ठेवली आहे. रखमा सध्या आठ दिवसांसाठी जयमालाकडे गेली आहे, पण रविवारच्या आधी येईल. पेटीचं सगळं मी बघतो. काळजीचं काही कारण नाही.

आक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेव्हणा,
भगवान

ता. क. काळजीचं थोडं कारण आहे. भाडेकरू कालपासून दिसत नाही. दगड उचलून बघितला, प्रवाळ हलवून बघितलं, दिवाणाखाली बघितलं, कारण काही मासे उडी मारतात म्हणे. गंगारामचं पोट मला फुगल्यासारखं वाटतं, पण त्याच्यावर आळ घ्यायला माझ्याकडे पुरावा नाही. तर दाजी, पत्र लिहायचं खरं कारण हे. तुमच्या खडकांत ओहोटीला जी डबकी राहतात, त्यात असलेच राखाडी, करंगळीएवढे मासे असतात, लहानपणी आपण पकडायचो. एक पकडून, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यातून, समुद्राच्या पाण्यासकट, पत्र मिळताच एस.टी.ने घेऊन या. रखमा यायच्या आत. रूपाची चिंता करू नका, जितका ओबडधोबड तितका बरा. आक्काला काय सांगायचं ते तुम्ही बघा. मी कालवणाच्या वाटीला मुकलो तर मुकलो, पण तिचं तोंड परत त्या रविवारसारखं झालेलं मला बघवणार नाही.

ता. क. २. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं, तेवढ्यात रखमा आली. करमेना म्हणाली. पिशवी दारात ठेवून सरळ पेटीपाशी गेली. मी सगळं सांगून टाकलं, अगदी वरच्या ता. क. सकट. ती बराच वेळ काचेला कपाळ लावून बघत राहिली. मग म्हणाली, "आहे की. त्या दगडाच्या मागे. शेपूट दिसतंय." मी वाकून बघितलं. जमिनीवर पालथा पडून बघितलं. दाजी, तिथे काही नाही. "मला दिसत नाही गं," मी म्हटलं. "तुमाला चष्मा लागलाय," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. आतून वरवंट्याचा आवाज येतो आहे. ती ओलं खोबरं वाटते आहे. जाईबाईकडे आताच्या आता जाऊन या, आणि माझ्यासाठी डोक्याकडचा तुकडा सांगा, असा हुकूम आहे. कॅलेंडरवरचा महिना अजून भरायचा आहे, पण तिकडे तिने बघितलंही नाही.

तेव्हा डबा आणू नका. पेटीत दोन मासे आहेत. तुम्ही याल तेव्हा तुम्हालाही दिसतील, नाही दिसले तरी दिसले म्हणा.