छपरावरचे ऊन कोणाचे

म्कोबा, ग्वेरू
४ सप्टेंबर

एपिफानिया ग्वातिझो मुकोनो हिस,

स. न. वि. वि.

तुला जाऊन सात आठवडे झाले. हे पत्र तुला पोचणार नाही. बत्तीस वर्षे शाळेत शिकवलेल्या माणसाला तेवढे समजते. तरीही लिहितो, कारण जिच्यावर रागवायचे ती घरात नाही.

शनिवारी तुझा भाऊ लाझरस शुरुग्वीहून ट्रक घेऊन आला. बाईने स्वतःच्या हातांनी कमावलेली वस्तू ती वारल्यावर तिच्या माहेरी जाते, ही आपली रीत मी मोडणार नव्हतो. शिवणयंत्र दिले, भांडी दिली, फ्रीजही दिला. मग त्याने छपराकडे बोट दाखवले. सोलरच्या सहा पट्ट्या आणि पाणी तापवणारी काळी टाकी. हेही ताईच्याच हातांचे, असे तो म्हणाला. मी हसलो. माझ्या पेन्शनमधून आगाऊ पैसे भरलेला विजेचा मीटर पंधरा दिवसांत रिकामा होतो; उरलेला महिना या पट्ट्यांवर निघतो, हे त्यालाही ठाऊक आहे.

तेव्हा त्याने तुझ्या बिस्किटांच्या डब्यातला एक कागद पुढे केला. अक्षर माझे होते. बारा वर्षांपूर्वी तू शाळांचे गणवेश शिवून या पट्ट्या हप्त्यांवर घेतल्यास, तेव्हा मी तुला म्हटले होते की ऊन कोंबड्यांनाही फुकट मिळते, त्यासाठी कर्ज कोण काढतो. आणि हप्ते माझ्या गळ्यात पडू नयेत म्हणून मी शुद्ध भाषेत लिहून दिले होते की यात माझा एक सेंटही नाही, नफा असो वा तोटा, सर्व एपिफानियाचे. खाली सही, तारीख, साक्षीदार.

तो कागद तू का जपून ठेवलास? मी स्वतःची पत्रेदेखील जपत नाही.

लोभ असावा असे लिहिण्याची आज इच्छा नाही.

एलिफास

*

म्कोबा, ग्वेरू
९ सप्टेंबर

तीर्थस्वरूप सासरेबुवा लाझरस ग्वातिझो यांस,

शि. सा. न. वि. वि.

आपण माझ्याहून एकोणीस वर्षांनी लहान आहात आणि आपल्या शाळेचे पहिले बूट मी विकत घेतले होते. तरी बायकोचा भाऊ आपल्यात सासऱ्याच्या जागी, म्हणून वाकून लिहितो.

आपली मागणी मला अमान्य आहे. छप्पर माझे आहे. पट्ट्या ज्या खिळ्यांवर बसल्या आहेत ते खिळेही माझे आहेत. शिवाय विजेचा खर्च कमी कसा करावा, हे या वस्तीला शिकवले ते मी. त्या पद्धतीचे साधनच माझ्या घरातून उचलून नेणे हा निव्वळ दांडगेपणा आहे. पट्ट्यांची किंमत हप्त्याहप्त्याने देण्याची माझी तयारी आहे. याहून अधिक सौजन्य माझ्यापाशी शिल्लक नाही.

मातोश्रींस साष्टांग नमस्कार. आपला लोभ जितका आहे तितकाच राहू द्यावा. वाढवण्याची तसदी नको.

आपला आज्ञाधारक जावई,
एलिफास मुकोनो

*

शुरुग्वी
१५ सप्टेंबर

जावईबापू,

अनेक आशीर्वाद. हात वर करून देतोय, तुम्ही वाकलेलेच राहा.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. खिळ्यांपाशी आलो तेव्हा ती इतकी हसली की पाणी द्यावं लागलं. काळजी नको, खिळे मोजून पिशवीत घालून देईन. बुटांचं म्हणाल, तर ते एक नंबर लहान होते. आजवर बोललो नव्हतो, आज बोललो.

पण वस्तीला तुम्ही शिकवलंत? अहो सर! नऊ वर्षांपूर्वी चर्चच्या सभागृहात तुम्ही दोन तास भाषण ठोकलंत. विजेची युनिटं महिन्याच्या एक तारखेलाच घ्या, तेव्हा ती स्वस्त पडतात. राजमा एक उकळी आणून घोंगड्यांच्या पेटीत ठेवा, तो आपोआप शिजतो. इस्त्री भर दुपारी करा, पाणी छपरावर तापवा. यातलं एक तरी तुमचं होतं का? तुम्हाला तर राजमा कच्चा की शिजलेला हेही कळत नाही. ताई शेवटच्या रांगेत बसली होती. तुमच्या अंगातला कडक शर्टसुद्धा तिनेच त्या दुपारी उन्हाच्या विजेवर इस्त्री केलेला. टाळ्या तुम्हाला, आणि अख्ख्या म्कोबात नाव काय पडलं, तर मुकोनो सरांची पद्धत! आईला हे सांगताना ताई आधी खूप हसली. मग हसायची थांबली.

पैसे नकोत. आई रॉकेलच्या धुरात बसते, डोळे चोळत. लेकीचं ऊन तिच्या छपरावर येईल. शनिवारी येतो. शिडी काढून ठेवा.

लोभ आहेच, नसता तर पोलीस घेऊन आलो असतो.

लाझरस

*

म्कोबा, ग्वेरू
२२ सप्टेंबर

एपिफानिया,

स. न. वि. वि.

काल लाझरस आला. मी शिडीसमोर उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा भररस्त्यात ओरडलो. कुंपणावरून शेजारच्या बाईने विचारले की सर, आज पद्धत उतरवताय का छपरावरून. सगळी गल्ली हसली. लाझरस हसला नाही. आई वाट पाहतेय, एवढेच म्हणाला. मग मी बाजूला झालो आणि शिडी धरली. पट्ट्या गेल्या, टाकी गेली. खिळे त्याने खरोखरच पिशवीत घालून दिले.

आज मिळवण्यासारखे काही उरले नव्हते, तरी फादरांकडून सभागृह मागून घेतले आणि प्रार्थनेनंतर लोकांना बोलावले. अकरा जण आले. सरांनी बचतीची नवी युक्ती काढली असेल, असे त्यांना वाटले. मी उभे राहून सांगितले की माझ्या नावाने चालते ती पद्धत अथपासून इतिपर्यंत एपिफानियाची आहे. मी फक्त बोललो, तेही तिला न विचारता.

कोणालाही आश्चर्य वाटले नाही. रेल्वेतून निवृत्त झालेला एक म्हातारा म्हणाला की त्याच्या बायकोने हे सारे नळावर तुझ्याकडूनच शिकून घेतले होते, माझ्या भाषणाच्या कितीतरी आधी. बायका माना डोलवू लागल्या. एकीने विचारले की सर, मग त्या दिवशी आम्ही टाळ्या कशाला वाजवल्या असे वाटते तुम्हाला? तिने डोळ्यांनी खुणावले म्हणून.

एपिफानिया, मला संताप येतो. सगळ्या वस्तीला ठाऊक होते, आणि नऊ वर्षे मी त्यांच्यातून मान ताठ ठेवून चाललो. त्या दिवशी तू शेवटच्या रांगेतून उठली का नाहीस? उत्तर मला माहीत आहे. तू उठली असतीस तर मी तुला सर्वांसमोर खाली बसवले असते. राग त्याचा आहे, आणि तो काढायला तू नाहीस.

लोभ मागत नाही. होता, तो मी न मोजता वापरला.

तुझा,
एलिफास

ता. क. लोक गेल्यावर खुर्च्या मीच रचल्या. सभागृहाचे दिवे मालवले, दाराला कुलूप लावले. किल्ल्या फादरांना परत केल्या.