सीटवरचं प्लास्टिक

अण्णा, तुमची गाडी गेल्या महिन्यात विकली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बदनापुरात तिला सगळे ‘अण्णांची गाडी’च म्हणत होते. घ्यायला आलेला मुलगा जालन्याला एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला आहे. गिऱ्हाईक आधी सीट बघतं, असं तुम्ही जन्मभर सांगितलंत. त्यानं सीटकडे ढुंकूनही बघितलं नाही. फोनमध्ये गाडीचं वर्ष टाकलं आणि फोननं सांगितलेला भाव माझ्यासमोर धरला. मी आपली वेड्यासारखी त्याला सीटवरचं प्लास्टिक दाखवत बसले. तो हसला. “ताई, आजून काढलंच न्हाई का तुमी? त्याचा काय पैसा येत न्हाई आता. हिला एअरबॅग न्हाई, स्क्रीन न्हाई. बायको तर सनरूफवालीच पायजे म्हणून राह्यली. ही मी शिकायपुरती नेतो.” शिकायपुरती! म्हणजे भिंतीला घासायला, खड्ड्यात आदळायला. तुमची गाडी त्यासाठी गेली, अण्णा, आणि मला वाईट वाटलं नाही.

ती घेतली तो दिवस मला लख्ख आठवतो. आईला लाल हवी होती. शोरूममध्ये, चारचौघांत, तिनं पहिल्यांदाच स्वतःसाठी तोंड उघडलं. तुम्ही तिथल्या तिथं तिला गप्प केलंत, “लाल उद्या कोन घेतं? पांढऱ्याला रिसेल हाय.” किल्ली हातात यायची होती आणि तुमच्या मनात गाडी विकूनही झाली होती. मग गाडी दारात झाकून उभी, आणि तुम्ही जालन्याच्या बियाण्याच्या कंपनीत दुसऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून जाताय. का, तर किलोमीटर चढतात. माझ्या लग्नात तिला एक फूल लावू दिलं नाहीत, चिकटपट्टीनं रंग निघतो म्हणून. आई म्हणायची, एकदा मला हिच्यात बसवून माहेरी टेंभुर्णीला न्या, भावांना दिसू द्या. तुमचं उत्तर ठरलेलं. “तो रस्ता काय गाडीच्या लायकीचा हाय का? बसनं जाय.” ती बसनं गेली, दर वेळी.

आणि तो दिवस. एका लग्नाला निघालो होतो. आईच्या डोक्यामागचं प्लास्टिक फाटलं होतं, तिच्या केसांचं तेल सीटला लागलं. तुम्ही भर रस्त्यात गाडी थांबवलीत, रुमालानं सीट खसाखसा पुसलीत आणि तिच्यावर ओरडलात, “डोकं म्होरं घेऊन बराबर बसता येत न्हाई का?” तिनं डोकं पुढं घेतलं. तेव्हापासून आई कुठंही डोकं टेकवत नाही. बसमध्ये नाही, दवाखान्यातल्या खुर्चीतही नाही. मान ताठ धरून बसते. तुम्ही गेलात, गाडी गेली, तिची मान मात्र तशीच राहिली. याची काय किंमत येते, तेवढं सांगा.

मी आता गाडी घेतली. लाल. विकणारा म्हणालाच, “मॅडम, पांढरी बघा, रिसेलला बरी पडेल.” हल्ली लोक चार-पाच वर्षांत गाडी बदलतात म्हणे. मी त्याच्यावर इतकी खेकसले की तो बिचारा पाणी आणायला गेला. सीटवरचं प्लास्टिक तिथंच माझ्या हातानं फाडून काढलं.

परवा आईला टेंभुर्णीला नेलं. तिचे भाऊ आता उरले नाहीत. घराला कुलूप. ती खाली उतरली, गाडीकडं बघितलं आणि म्हणाली, “आता कुनाला दाखवू गं?” तुमचा इतका राग मला तुम्ही असतानाही कधी आला नव्हता. परत निघताना मी म्हटलं, “आई, टेक की डोकं.” “नगं गं, तेल हाय.” पण वाटेत तिला झोप लागली आणि डोकं आपोआप मागं टेकलं. मी गाडी अगदी हळू चालवली. खूप बरं वाटलं मला.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. घरी आल्यावर आईला हाताला धरून आत नेलं, बसवलं. मग बाहेर आले. नव्या सीटवर तेलाचा गोल डाग पडला होता. ती खिडकीतून बघत नाही ना, हे आधी पाहिलं, आणि ओलं फडकं घेऊन तो पुसला.